दुसरा गाल म्हणजे मुकाट बसणे नव्हे




धर्मांतराच्या आरोपांवर ख्रिस्ती लोक एवढे चवताळतात कशाला, त्यांच्या येशूने तर दुसरा गाल पुढे करायला सांगितलंय, असा टोला वाचकांच्या पत्रांच्या सदरात एका वाचकाने मारला आहे. गंमत अशी, की आमच्या मंडळीतले काही वडीलधारेही हेच म्हणतात. फक्त त्यात टोमणा नसतो. गप्प बसा, प्रभू बघून घेईल. मला दोघांचेही म्हणणे मान्य नाही.

येशूची महायाजकापुढे चौकशी चालू असताना एका शिपायाने त्याला थोबाडीत मारली. तेव्हा त्याने दुसरा गाल पुढे केला नाही. माझं काय चुकलं ते दाखव, नसेल चुकलं तर मारलंस का, असा त्याचा सवाल होता. पौलाला फिलिप्पैत फटके मारून तुरुंगात टाकले आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप सोडून द्यायचे ठरवले, तर तो अडून बसला. रोमन नागरिकाला चौकशीविना मारलंत, आता अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं! हात उगारायचा नाही, शिवी परतवायची नाही, पण खोट्याला तोंडावर खोटे म्हणायचे आणि नागरिक म्हणून असलेला हक्क सोडायचा नाही, असा हा धडा आहे. आमच्यातले बरेच जण त्याचा पहिला अर्धा भाग पाठ करून थांबतात.

आमच्या घरी खारेगावात गुरुवारी घरसभा असते. पाळक, चार-पाच कुटुंबे, गाणी, प्रार्थना, शेवटी चहा-पोहे. मध्यंतरी दाराबाहेरच्या चपलांचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. चपलांभोवती लाल गोल आणि खाली प्रश्न, ‘तांदळाची पोती कुठे ठेवली आहेत?’ म्हणजे तांदूळ देऊन बाटवता, असा टोमणा. त्या गोलातल्या निळ्या पट्ट्याच्या स्लीपर शेजारच्या वहिनींच्या होत्या. त्या पोहे करायला मदतीला येतात आणि दर चतुर्थीला आम्हाला मोदक देतात. मी ग्रुपवर उत्तर दिले, स्वतःच्या नावाने आणि तोल न सोडता. आमच्यातल्या एका तरुणाने मात्र हिंदूंच्या देवांबद्दल काहीबाही लिहिले. त्याला ते काढायला आणि माफी मागायला लावले. ते त्याला आजही पटलेले नाही.

त्याला मी ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचे उदाहरण देतो. 1889 साली मुंबईत सुरू झालेले त्यांचे विधवांसाठीचे शारदा सदन पुढे पुण्यात आले. 1893 मध्ये ‘केसरी’ने रान उठवले की तिथे विधवांना बाटवण्याचा उद्योग चालतो. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. आरोपाला थोडा आधारही होता. रमाबाई प्रार्थना करत, त्यांच्या खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली आपणहून आत येऊन बसत. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही, आणि दार लावून घेण्याचीही तयारी दाखवली नाही. संस्था चालू ठेवली. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या निराधार मुली आणून केडगावला आसरा दिला.

त्यांना ‘इंग्रजांच्या हस्तक’ म्हणणाऱ्यांनी 1897 ची गोष्टही सांगावी. पुण्यात प्लेग असताना सरकारी व्यवस्थेत बायकांचे काय हाल होतात, ते रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून उघड केले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी त्यांचे म्हणणे खोडून काढले, तरी बाई बधल्या नाहीत. सरकार ख्रिस्ती, बाई ख्रिस्ती, आणि पत्र सरकारविरुद्ध! पुढे हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी बायबल मराठीत आणले, केडगावच्या छापखान्यात बायकांनीच ते जुळवले, छापले. 1922 मध्ये त्या वारल्या तोवर हे काम चालू होते. निंदेला असे उत्तर द्यायला तीस वर्षांचा दम लागतो, आणि आम्हाला तर ग्रुपवरचा एक दिवस निभावत नाही.

आता आकडे. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती 1.09 टक्के होते, 2011 मध्ये 0.96 टक्के. धर्मांतराचा पूर आला म्हणणाऱ्यांनी हा आटलेला ओढा पाहावा. ‘ते लपून राहतात’ हे उत्तर तयार असतेच. काही राहतात, मान्य. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताच्या अनुसूचित जातीच्या सवलती जातात, मग कागदावर जुनाच धर्म राहतो. पण सवलती गमावण्याची वेळ येणारा माणूस आमिषाला भुलला, हे गणित मला सुटत नाही.

सगळीच टीका निंदा नसते, हेही आमच्या लोकांना सांगायला हवे. गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन होते, ते 1812 मध्ये बंद झाले. तो जुलूम खराच आहे, त्यावर पांघरूण घालू नये. फक्त त्याचा जाब आज कळव्याच्या लोकलमध्ये लटकणाऱ्या ख्रिस्ती कारकुनाला विचारू नये. हाच न्याय उलट बाजूनेही लावतो. आपल्या ठाण्यात 1321 साली चार फ्रान्सिस्कन संन्यासी तिथल्या मुस्लिम अधिकाऱ्यांच्या हुकुमावरून मारले गेले. ही आठवण काढून आम्हाला मुंब्रा-राबोडीतल्या मुस्लिमांविरुद्ध उभे करू पाहणारे हितचिंतक हल्ली भेटतात. त्यांना हात जोडून नकार.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली तेव्हा विश्व हिंदू परिषदेने विरोध केला, धमक्यांचे फोन आले. माणूस वसईचा, मराठी लेखक, ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार. जानेवारी 2020 मध्ये पाठीचे दुखणे घेऊन ते उस्मानाबादला गेले आणि लेखकाने अन्यायापुढे गप्प बसू नये, हे तिथे ठणकावून सांगितले. त्यांना दुसरा गाल शिकवायची कोणाला गरज नव्हती.

जून 2025 मध्ये आमदार गोपीचंद पडळकर यांनी सांगलीत पाद्र्यांना मारणाऱ्यांसाठी लाखांच्या बक्षिसाची भाषा केली. जुलैत ख्रिस्ती समाज आझाद मैदानावर जमला, घोषणा देऊन घरी गेला. मला ते बरोबर वाटते, पण पुरेसे वाटत नाही. द्वेषमूलक भाषणांवर तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा, असे सर्वोच्च न्यायालयाने 28 एप्रिल 2023 रोजी सर्व राज्यांना बजावले आहे. तो आदेश हातात घेऊन पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देणे आणि पोच घेणे, हेही आमच्या मंडळ्यांनी उपासनेइतक्याच नेमाने करावे. पौलाने तर थेट कैसराकडे दाद मागितली होती.

आणि टोला मारणाऱ्या त्या वाचकाला एक विनंती. कळव्यात तांदूळ, पैसे वा नोकरी देऊन कोणाला ख्रिस्ती केल्याचे आपल्याला ठाऊक असेल, तर ठिकाण, तारीख आणि देणाऱ्याचे नाव पोलिसांना आणि धर्मादाय आयुक्तांना लेखी कळवा. आरोप आमच्या मंडळीवर असेल तर हिशेबाची वही घेऊन मी स्वतः हजर राहीन.

– एक मराठी ख्रिस्ती वाचक, खारेगाव, कळवा