एका दुर्बिणीने किती पाहायचं?

अवकाशातल्या दुर्बिणीचा विषय निघाला की आपल्याकडे लग्नाच्या यादीसारखी यादी वाढत जाते. क्ष-किरण हवेत, अतिनील हवेत, स्फोटही पकडायचेत. पहिल्या खेपेला ते ठीक होतं. 28 सप्टेंबर 2015 ला गेलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवर पाच उपकरणं होती आणि एकाच वेळी अनेक तरंगलांबीत बघणं हाच त्याचा हेतू होता. पण आता पुरे. आपली पुढची गॅमा दुर्बीण एकमार्गी हवी. तिने आकाशगंगेच्या केंद्राकडे टक लावून बसावं, बस्स.

आमच्या देवळाली प्रवऱ्यात जूनच्या रात्री ढग नसले तर दक्षिणेला चाळीसेक अंश उंचीवर, विंचवाच्या नांगीच्या जरा वर, डावीकडे ती जागा दिसते. म्हणजे मूळ नक्षत्रातच. (मूल मुळावर जन्मलं म्हणून शांत करणाऱ्या आमच्या नातलगांनी याची नोंद घ्यावी!) तिथून 511 केव्ही ऊर्जेचे गॅमा किरण येतात. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन भेटून नष्ट होतात, त्याची ती खूण. हे 1970 च्या दशकात बलूनवरच्या उपकरणांनी पकडलं. इतके पॉझिट्रॉन येतात कुठून, हे मात्र अजून ठरलेलं नाही. साधे तारे की कृष्णद्रव्य, इथपर्यंत वाद आहे.

वाद मिटत नाही, कारण चित्र धूसर आहे. युरोपच्या इंटिग्रलने 2002 ते 2025 निरीक्षणं केली, पण त्यातल्या वर्णपटमापकाची नजर अडीच अंशांची, म्हणजे पाच चंद्र शेजारी ठेवले तर तो एकच ठिपका समजणार. अमेरिकेची कोसी 2027 ला जायची आहे. तिला एका नजरेत आकाशाचा मोठा भाग दिसेल, पण बारकावा त्याहूनही कमीच. मग तो उजेड पसरलेला आहे की शेकडो ठिपक्यांचा, हे सांगणार कोण?

गॅमा किरणांना नेहमीचा आरसा चालत नाही. भोकं पाडलेला जाड टंगस्टनचा मुखवटा धरायचा, खाली पडणाऱ्या सावलीवरून चित्र काढायचं. भोकं बारीक आणि मुखवटा दूर असेल तर नजर तीक्ष्ण होते, पण दिसणारा पट्टा अरुंद. समित्यांना खटकतं ते हेच. अ‍ॅस्ट्रोसॅटवरचे स्फटिक 5 मिलिमीटरचे, त्यातून 511 चे बहुतेक फोटॉन आरपार जातात. म्हणून जाड, थंड केलेलं, आणि फोटॉन नेमका कुठे आदळला ते सांगणारं जर्मेनियम हवं. वजन वाढेल, वाढू दे. स्फोट निसटतील, निसटू देत! त्यासाठी आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने मांडलेला 'दक्ष' आहे, त्याला त्याचं काम करू द्या.

आणि ही दुर्बीण आपणच का करायची? अ‍ॅस्ट्रोसॅट आपण विषुववृत्ताशी फक्त 6 अंश कललेल्या कक्षेत सोडला. तिथे विद्युतभारित कणांचा त्रास कमी, आणि गॅमा दुर्बिणीचा निम्मा वैरी तोच. ही कक्षा आपल्या हातातली आहे.