वयाचा कागद

मैत्रिणींनो, अल्पवयीन मुलीचं प्रकरण आलं की आपण आधी शाळेत धावतो आणि शाळा सोडल्याचा दाखला पोलिसांना नेऊन देतो. अमडापूर परिसरात आम्हीही हेच करत आलो. चुकत होतो.

२०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ९४ ने क्रम ठरवून दिला आहे. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. जुलै २०२३ मध्ये तामिळनाडूतल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळेचा बदली दाखला या कलमात बसत नाही असं सांगितलं. मुलगी अल्पवयीन असल्याचं सिद्ध झालं नाही, आरोपी सुटला.

हाडांच्या तपासणीत वर्ष-दोन वर्षं इकडंतिकडं होतात, आणि सोळा-सतराच्या पोरीचं सगळं त्या दोन वर्षांतच अडकलेलं असतं! म्हणून जन्मदाखलाच गाठायला हवा. पण जन्माची नोंद जिथं बाळंतपण झालं तिथं होते. कुणाचं माहेरी, कुणाचं वीटभट्टीवर. ते गाव कोणतं, हे आईला पहिल्याच भेटीत विचारा. आरोपपत्र गेल्यावर नव्हे.