हाताची सवय

‘सारखं उचलू नका, हाताची सवय लागेल!’ बाळंतिणीच्या खोलीत हे वाक्य कधीच ऐकू आले नाही असे मराठी घर विरळाच. सांगणाऱ्या आजीने पावलोवचे नावही ऐकलेले नसते, पण तिचा तर्क त्याच्याच वळणाचा असतो. एखाद्या खुणेपाठोपाठ अन्न मिळत गेले की नुसत्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्याने दाखवले. त्याच चालीवर वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ म्हणत की, दूध मिळते म्हणून आईचा चेहरा बाळाला प्रिय होतो आणि रडताच उचलले तर रडे वाढते. अमेरिकेतील जॉन वॉटसन यांनी तर १९२८च्या आपल्या पुस्तकात, मुलांना कुशीत घेऊ नका, सकाळी हस्तांदोलन करा, असाच सल्ला दिला!

हिशेब सोपा आहे : दूध दिले, माया मिळाली. आयुष्य बँकेत जमाखर्च पाहण्यात गेलेल्या माझ्यासारख्याला तो पटायला हरकत नव्हती. पण बाळाची खतावणी निराळी असते.

हॅरी हार्लो यांनी १९५८मध्ये माकडांच्या पिल्लांवरील प्रयोग मांडले. आईवेगळ्या केलेल्या या पिल्लांचे हाल वाचवत नाहीत; पण दुधाची बाटली तारेच्या ‘आई’पाशी असूनही ती बिलगून राहत मऊ कापडाच्या ‘आई’ला. शॅफर आणि इमर्सन यांनी ग्लासगोमधील ६० बाळांचा अभ्यास १९६४मध्ये प्रसिद्ध केला. बाळाची सर्वाधिक ओढ भरवणाऱ्या-न्हाऊ घालणाऱ्या व्यक्तीकडेच असते असे त्यात दिसले नाही; हाकेला चटकन ओ देणाऱ्याकडे ती वळत होती. बाल्टिमोरमधील २६ बाळे पाहून बेल आणि एन्सवर्थ यांनी १९७२मध्ये लिहिले की, सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याकडे लगेच लक्ष दिले गेले, ती वर्षअखेरीस कमी रडत. या निष्कर्षावर पुढे वाद झाले. तरी आजीच्या धाकाला त्याने पहिला तडा दिला.

याचा अर्थ बाळ शिकत नाही असा नव्हे. ते शिकतेच, पण त्याचा धडा असा की, मी हाक मारली की कुणीतरी येते.

हा धडा द्यायला दूध लागत नाही, सवड लागते. आणि इथे बाप सुटत नाही. २०१७च्या कायदादुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी आईची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे केली, हे उत्तमच झाले. तिच्या शरीराला ती हवीच. त्या दुरुस्तीत बापासाठी मात्र एक दिवसही नव्हता. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवस मिळतात. पंधरा दिवसांत बाळाचे कोणते रडे भुकेचे आणि कोणते झोपेचे, एवढे तरी कळते का?

बाप रात्री दमून येतो, बाळ त्याला पाहून तोंड फिरवते आणि घरचे म्हणतात, ‘आईवेडं आहे.’ वेडे कसले? ज्याची ओ ऐकली, त्याला ते ओळखते.

लागू द्या हाताची सवय. फक्त ती आईच्या एकटीच्या हातांची नको.