भूगोल घेऊन करणार काय?

खारे वारे, मतलई वारे पाठ केले, दहावीचा पेपर टाकला आणि भूगोलाला रामराम ठोकला. आपल्यापैकी बहुतेकांचं असंच ना? म्हणूनच धाकटी बहीण ‘मला भूगोलात बीए करायचंय’ म्हणाली, की आपणच आधी विचारतो, ‘अगं, मग पुढे काय? टीचर होणार?’

जरा २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, कुलाब्यात मात्र ७५ मिलिमीटरच्याही आत. शहर एकच, मग इथेच का, तिथे का नाही? युनिव्हर्सिटीतला भूगोल याच प्रश्नाभोवती फिरतो. मिठी नदी कुठे अरुंद झाली, भराव कुठे पडला, सखल भागात राहतं कोण? ही उत्तरं पाठ करून येत नाहीत, नकाशावर शोधावी लागतात.

हा नकाशा आता कॉम्प्युटरवर असतो. पाऊस, रस्ते, वस्ती असे थर एकमेकांवर चढवून बघायचं तंत्र म्हणजे जीआयएस. पीकविमा, मेट्रोचा मार्ग, नव्या आउटलेटची जागा, तुमच्या पिझ्झाची डिलिव्हरी, सगळीकडे ते लागतं. फेब्रुवारी २०२१मध्ये केंद्राने नियम सैल केल्यावर भारतीय कंपन्यांना नकाशे बनवणं सोपं झालं. सरकारी नोकरी हवी असेल तर नागपूरचं एमआरसॅक आहे, सर्व्हे ऑफ इंडिया आहे. यूपीएससीला भूगोल ऑप्शनल घेता येतो, हा बोनस.

पण सगळंच गुलाबी नाही हं! नुसत्या बीएवर सुरुवात बऱ्याचदा डिजिटायझिंगने होते. दिवसभर स्क्रीनवर रस्ते आणि इमारतींच्या कडा गिरवायच्या. पुढे सरकायचं तर एमए किंवा एमएस्सी, स्टॅटिस्टिक्स आणि थोडं पायथॉन हवंच. कॉलेज निवडताना दोन गोष्टी विचारा: जीआयएस लॅब मुलांना खरंच वापरायला मिळते का आणि फील्डवर्क किती होतं? क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. डेहराडूनच्या आयआयआरएसचे बरेच ऑनलाइन कोर्सही फुकट असतात. म्हणजे अॅडमिशनआधीच ट्रायल घेता येते.

१९ जुलै २०२३च्या रात्री रायगडमधल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचं नावच नव्हतं. डोंगराचा उतार वाचू शकणारी माणसं आपल्याला किती हवी आहेत, हे अजून वेगळं सांगायला हवं? बहिणीला ‘पुढे काय’ विचाराच, पण तिचं उत्तर पूर्ण ऐकून घ्या.