खान्देशची सेवा मोजा, अंदाजाने वाटू नका

महाराष्ट्राच्या उत्पन्नात सेवाक्षेत्राचा वाटा निम्म्याहून बराच जास्त आहे. दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर राज्याची आर्थिक पाहणी येते आणि तीत जळगाव, धुळ्यासह प्रत्येक जिल्ह्याचे उत्पन्न छापलेले असते. शेतीच्या आकड्यामागे निदान पीकपेरा आणि कापणी प्रयोग असतात, मोठ्या कारखान्यांच्या मागे उद्योगांची वार्षिक पाहणी असते. खासगी सेवांच्या बाबतीत मात्र राज्याच्या एकूण अंदाजातून कामगारसंख्येसारख्या निकषांवर जिल्ह्याचा हिस्सा काढला जातो. २०११-१२ या आधारवर्षाच्या मालिकेत दुकाने, वाहतूक, दुरुस्ती अशा असंघटित सेवांचा पाया २०१०-११ आणि २०११-१२ मधल्या नमुना पाहण्यांवर घातला गेला. पुढची वर्षे बहुतांशी विक्रीकर, सेवाकर आणि नंतर जीएसटीच्या वाढीवरून पुढे सरकवली गेली. जिल्ह्याचे नियोजन ज्या आकड्यावर उभे राहायचे, तो जिल्ह्यात मोजलेलाच नाही. खान्देशाला हे परवडणारे नाही.

कारण जीएसटीच्या आरशात खान्देशचा व्यापार नीट दिसतच नाही. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात व्यापारी बागेत येऊन माल पाहतो, बुऱ्हाणपूरच्या भावाकडे नजर ठेवून सौदा ठरतो, कापणीची टोळी घड उतरवते आणि ट्रक उत्तरेकडे निघतो. दलाली, भराई, वाहतूक या सगळ्या सेवाच आहेत. पण ताजी फळे करमुक्त, शेतमालावरची अडत करमुक्त आणि शेतमालाची वाहतूकही करमुक्त. दवाखाने आणि शाळांचेही तेच. शिवाय वर्षाला २० लाखांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या सेवा व्यावसायिकाला नोंदणीचे बंधन सहसा नसते. धुळ्यात मुंबई-आग्रा महामार्गावरचे किती ढाबे आणि गॅरेज या मर्यादेच्या आत असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा. जळगावच्या सराफ बाजारात चूक उलट्या दिशेने होऊ शकते. लाखाचा दागिना विकला गेला, तरी त्यातले सोने बाहेरून आलेले असते. जिल्ह्याचे उत्पन्न म्हणजे दुकानाचा नफा, नोकरांचे पगार आणि घडणावळ. उलाढालीवरून हिशेब केला, तर केळीचा व्यापार खुजा दिसेल आणि सराफी फुगलेली.

मोठ्या कंपन्यांची अडचण वेगळी आहे. जीएसटीची नोंदणी राज्यवार असते. मुंबई-पुण्याच्या कंपनीने जळगावात शाखा उघडली, तर ती त्याच क्रमांकाखाली जोडता येते. मग इथे झालेल्या विक्रीचा जिल्हावार माग उरत नाही. खुद्द कंपन्यांची यादीही बिनचूक नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७४व्या फेरीत (२०१६-१७) सेवा कंपन्यांचा शोध घेतला, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक कंपन्या सापडल्या नाहीत, बंद निघाल्या किंवा चुकीच्या वर्गात आढळल्या. सातव्या आर्थिक गणनेचे क्षेत्रकाम होऊनही निकाल जाहीर झाले नाहीत, त्यामुळे आस्थापनांच्या यादीसाठी अजून २०१३ च्या सहाव्या गणनेकडे बोट दाखवावे लागते.

सेवा जिल्ह्यातच मोजाव्यात, या मागणीवर पहिला आक्षेप खर्चाचा. प्रत्येक जिल्ह्यात पुरेसा नमुना घ्यायला माणसे आणि पैसा लागतो, हे खरे. पण सारे नव्याने उभारायचे नाही. केंद्राची असंघटित उद्योगांची पाहणी आता दरवर्षी होते. २०२३-२४ च्या पाहणीने देशात ७.३४ कोटी आस्थापने आणि त्यांत १२ कोटींहून अधिक कामगार असल्याचा अंदाज दिला. जानेवारी २०२५ पासून अशा पाहण्यांत जिल्हा हा नमुन्याचा मूळ घटक मानला जातो. राज्याने आपला नमुना त्याला जोडला की जिल्हा पातळीवर विश्वासार्ह अंदाज आवाक्यात येतो. दुसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा: माहिती दिली की मागून कर खाते येईल. ही भीती खरी आहे, पण २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्याने अशी माहिती सांख्यिकी कामापुरतीच वापरण्याचे बंधन घातले आहे. सरकारने ते बाजार समित्यांत आणि व्यापारी संघटनांत जाऊन सांगावे आणि काटेकोरपणे पाळावे. तिसरा आक्षेप असा की राज्याची बेरीज बरोबर असली म्हणजे झाले. मात्र बेरीज बरोबर असूनही वाटणी चुकू शकते. प्रादेशिक असमतोलाचा वाद दांडेकर समितीपासून केळकर समितीपर्यंत जिल्ह्यांच्या आणि विभागांच्या आकड्यांवरच लढला गेला आहे. कच्च्या आकड्यावर अनुशेष मोजला, तर न्यायही कच्चाच मिळणार.

राष्ट्रीय लेख्यांचे आधारवर्ष २०२२-२३ करण्याचा निर्णय झाला आहे, त्यामुळे दुरुस्तीची वेळ हीच आहे. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाने तीन गोष्टी कराव्यात: सेवांसाठी जिल्हावार पुरेसा नमुना घ्यावा, एका राज्यात अनेक शाखा असलेल्या कंपन्यांकडून जिल्हावार पगार व उलाढालीचे विवरण मागवावे, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या आकड्यासोबत किती भाग मोजलेला व किती वाटून दिलेला, हे छापावे. खान्देशच्या आमदार-खासदारांनी आणि जिल्हा नियोजन समित्यांनी निधी मागताना या मोजणीचीही मागणी तितक्याच जोराने लावून धरावी.