विश्लेषण : नव्या हॉकी लीगला जुनेच नाव का? अमेरिकी विद्यापीठांतील एका बारशाची गोष्ट

अमेरिकेतील सात विद्यापीठांनी २०१९च्या जूनमध्ये आपली हॉकी लीग सोडण्याची नोटीस दिली. लीग नवी, मग नावही नवे हवे. आठ महिन्यांनी नाव जाहीर झाले, ते मात्र सात वर्षांपूर्वी बंद पडलेल्या एका लीगचे होते. हे नाव कसे ठरले आणि त्यात कोण मागे राहिले?

‘कॉन्फरन्स’ म्हणजे नेमके काय?

येथे हॉकी म्हणजे बर्फावरची, आइस हॉकी. आणि कॉन्फरन्स म्हणजे परिषद नव्हे, तर विद्यापीठ संघांनी एकत्र येऊन चालवलेली लीग. पुरुषांच्या अव्वल श्रेणीत अमेरिकेत साठहून अधिक संघ आहेत आणि त्यातील बहुतेक सहा कॉन्फरन्समध्ये विभागलेले आहेत. राष्ट्रीय स्पर्धेत खेळतात १६ संघ. प्रत्येक कॉन्फरन्सच्या विजेत्याला तेथे थेट प्रवेश मिळतो, त्यासाठी कॉन्फरन्समध्ये किमान सहा संघ असावे लागतात. जो कोणत्याच कॉन्फरन्समध्ये नाही, त्याला ही थेट वाट नाही. त्यामुळे कॉन्फरन्सचे नाव ही केवळ पाटी राहत नाही. त्या पाटीखाली कोण उभा आणि कोण बाहेर, यावर एखाद्या संघाचे भवितव्य ठरते.

मूळ भांडण कुठे सुरू झाले?

एका देणगीपासून. पेन्सिल्व्हेनियातील उद्योजक टेरी पेगुला यांनी २०१० मध्ये पेन स्टेट विद्यापीठाला हॉकीसाठी ८.८ कोटी डॉलर देऊ केले. तोवर ‘बिग टेन’ या धनाढ्य विद्यापीठांच्या गटातील पाचच संघ वेगवेगळ्या लीगमध्ये या दर्जाची हॉकी खेळत होते. पेन स्टेट सहावा झाला, म्हणजे स्वतंत्र लीगला पुरेसे संघ झाले. (या गटाचे नाव ‘बिग टेन’ असले तरी आज त्यात १८ विद्यापीठे आहेत. प्रसिद्ध नाव हिशेबात चुकले तरी कुणी बदलत नाही.)

मग पत्ते कोसळावेत तसे झाले. १९५१ पासूनचा वारसा सांगणाऱ्या ‘वेस्टर्न कॉलेजिएट हॉकी असोसिएशन’मधून (डब्ल्यूसीएचए) मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन गेले. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘सेंट्रल कॉलेजिएट हॉकी असोसिएशन’मधून (सीसीएचए) मिशिगन, मिशिगन स्टेट आणि ओहायो स्टेट गेले. आपण मागे राहू या धास्तीने नॉर्थ डकोटा, डेन्व्हर आदी बलाढ्य संघांनी २०११ मध्ये आणखी एक लीग काढली. सीसीएचए २०१३ मध्ये बंद पडली. तिच्यातले उरलेसुरले आणि डब्ल्यूसीएचएमधले उरलेसुरले एकत्र आले आणि डब्ल्यूसीएचए हे नाव पुढे चालू राहिले.

२०११ च्या लीगने कोणते नाव घेतले?

‘नॅशनल कॉलेजिएट हॉकी कॉन्फरन्स’ (एनसीएचसी). यात ना दिशा, ना प्रदेश, ना समुद्र. सरकारी खात्याला शोभावे असे हे नाव. पण त्यात हिशेब होता. पूर्व, पश्चिम, मध्य असे काही नावात घातले की उद्या कोणत्या संघाला घ्यायचे यावर बंधन येते. ‘नॅशनल’ म्हटले की दार सगळीकडे उघडे. २०२४ मध्ये वाळवंटातले अॅरिझोना स्टेटही त्यात सामावले आणि नावाला धक्का लागला नाही.

अशा नावाला इतिहास नसतो, तो मिळवावा लागतो. एनसीएचसीने तो मिळवला. २०१६ ते २०२५ या काळात झालेल्या नऊ राष्ट्रीय विजेतेपदांपैकी (२०२०ची स्पर्धा करोनामुळे रद्द झाली) सात या लीगच्या संघांनी जिंकली.

याच्या उलट उदाहरण ‘अटलांटिक हॉकी’चे. अटलांटिक किनाऱ्यापासून अर्धा देश दूर, कोलोरॅडोच्या पर्वतरांगेपाशी असलेली एअर फोर्स अकादमी २००६ पासून त्यात खेळते. ही लीग २०२४ मध्ये ‘कॉलेज हॉकी अमेरिका’ या महिलांच्या लीगमध्ये विलीन झाली, तेव्हा दोन्ही नावे सांधून ‘अटलांटिक हॉकी अमेरिका’ केले गेले. नामांतर टाळून नामविस्तार! कुणी दुखावले जात नाही आणि कुणाला फारसे आवडतही नाही.

मग सात विद्यापीठांनी डब्ल्यूसीएचए का सोडली?

मिशिगन टेक, नॉर्दर्न मिशिगन, लेक सुपीरियर स्टेट, फेरिस स्टेट, बोलिंग ग्रीन, बेमिजी स्टेट आणि मिनेसोटा स्टेट ही ती सात. कारण दिले गेले ते प्रादेशिक जवळिकीचे: प्रवास कमी, शेजाऱ्यांशी चुरस जास्त. ते खोटे नव्हते. लीगमधील उरलेल्या तीन संघांपैकी दोन अलास्कातले (अँकरेज आणि फेअरबँक्स), तर एक दक्षिणेकडच्या अलाबामातील हंट्सविलचा. मिशिगन आणि अलास्काच्या घड्याळातच चार तासांचा फरक आहे. लहान विद्यापीठाला अशा विमानप्रवासाचा खर्च झेपणे कठीण.

पण ‘प्रादेशिक जवळीक’ या सभ्य शब्दांचा दुसरा अर्थ त्या तिघांना लगेच कळला. त्यांना कुणी लीगमधून काढले नाही. त्यांच्याभोवतीची लीग तेवढी उठून गेली.

नाव सीसीएचएच का?

पक्ष फुटला की नाव आणि चिन्ह कुणाचे, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. अमेरिकी विद्यापीठ क्रीडाविश्वातही तो अनेकदा आला आहे. ‘बिग ईस्ट’मधून २०१३ मध्ये सात कॅथलिक विद्यापीठे बाहेर पडली, ती साठलेल्या निधीतला मोठा वाटा सोडून, पण नाव घेऊन. मागे राहिलेल्यांना ‘अमेरिकन अॅथलेटिक कॉन्फरन्स’ असे नवे नाव घ्यावे लागले. बास्केटबॉलवर जगणाऱ्या विद्यापीठांनी पैशापेक्षा नाव मोलाचे मानले, हे लक्षात घेण्याजोगे.

हॉकीतल्या सातांनी मात्र नाव मागे ठेवले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सीसीएचए पुन्हा सुरू करत असल्याचे जाहीर केले. या सातांपैकी पाच कधी ना कधी जुन्या सीसीएचएमध्ये होते. बोलिंग ग्रीन तर संस्थापकांपैकी एक. लेक सुपीरियर स्टेटने १९८८, १९९२ आणि १९९४ची राष्ट्रीय विजेतेपदे याच नावाखाली जिंकली. सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडूला आपल्याकडे वळवताना प्रशिक्षकाला अनोळखी आद्याक्षरांचा अर्थ सांगत बसावे लागत नाही. मुलाच्या वडिलांनी, आजोबांनी ते नाव ऐकलेले असते. वितळलेल्या बर्फावर पुन्हा रेषा आखण्यासारखे हे काम, पण रेषा कुठे होत्या हे सगळ्यांना ठाऊक होते.

तरी यात थोडी लबाडी आहेच, असे म्हणावे लागते. जुन्या सीसीएचएचा दबदबा ज्या मिशिगन आणि मिशिगन स्टेटमुळे होता, ते आता तेथे नाहीत. शिवाय नवी लीग सुरू झाली तेव्हा डब्ल्यूसीएचएच्या साखळी विजेत्याला मिळणारा, १९१३ मधला मॅकनॉटन चषकही तिच्याकडे आला. म्हणजे नाव एका लीगचे आणि चषक दुसरीचा. पहिल्याच हंगामात मिनेसोटा स्टेटने तो जिंकला आणि राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. तेथे त्यांना हरवले एनसीएचसीच्या डेन्व्हरने.

मागे राहिलेल्या तिघांचे काय झाले?

हंट्सविलने मे २०२० मध्येच हॉकी बंद करण्याचे जाहीर केले होते. चाहत्यांनी काही दिवसांत पाच लाखांहून अधिक डॉलर जमवून एक हंगाम वाचवला. कोणतीही कॉन्फरन्स मिळेना, तेव्हा २०२१ मध्ये संघ थांबला. अँकरेजचा संघही बंद व्हायच्या बेतात होता. त्याने ३० लाख डॉलर उभे केले आणि २०२२-२३ मध्ये तो परतला. अलास्कातील दोन्ही संघ कोणत्याही लीगविना, स्वतंत्र म्हणून खेळू लागले.

आणि डब्ल्यूसीएचए हे नाव? पुरुषांच्या हॉकीतून ते २०२१ मध्ये गेले. पण १९९९ पासून चालू असलेली महिलांची डब्ल्यूसीएचए तशीच आहे, आणि ती दुबळी मुळीच नाही: २००१ ते २०१३ अशी सलग १३ राष्ट्रीय विजेतेपदे तिच्याच संघांनी जिंकली. परिणामी बेमिजी आणि मिनेसोटा स्टेटमध्ये आज एकाच विद्यापीठातील मुले एका नावाच्या लीगमध्ये खेळतात आणि मुली दुसऱ्या.

आता पुढे काय?

सीसीएचएला २०२१ मध्ये आठवा भिडू मिळाला तो सेंट थॉमस, थेट तिसऱ्या श्रेणीतून वर आलेला. नंतर साउथ डकोटातील ऑगस्टाना आले. पण सेंट थॉमसने २०२६-२७ पासून एनसीएचसीमध्ये जाण्याचा निर्णय जाहीर केला आहे. पैसा आणि प्रेक्षक जिकडे, तिकडे संघ, हे २०११ मध्ये दिसले तेच पुन्हा दिसते आहे. ‘सेंट्रल’ शब्दाने प्रदेश बांधून घेतल्यामुळे जागा भरायला सीसीएचएला शेजारीच शोधावे लागणार. अँकरेज आणि फेअरबँक्स त्या शेजारात बसत नाहीत.