बॉनेट आपणही उघडावं

‘गाडीतलं तुला काय कळतंय?’ हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई मला अजून भेटायची आहे. मीही वीस वर्षं ऐकलं, आणि खरं सांगायचं तर मला ते पटतही होतं. मराठी घेऊन बीए केलेलं, पुढे संसार आणि बचत गटांची कामं. त्यात इंजिनाचा संबंध येणार कुठे?

आमच्या दारात १९८७ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या या गाड्या बंद होऊन दोन तपं उलटली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेल्या. आमची मात्र वाईत अजून चालते. माझे सासरे, नाना, शाळामास्तर. गाडीची वही ठेवायचे. तारीख, किलोमीटर, ऑइल किती घातलं, प्लग कधी साफ केले, सगळं बारीक अक्षरात. ते गेल्यावर वही कपाटात गेली.

मग एका मे महिन्यात पाचगणीला निघालो असताना पसरणी घाटात गाडी बंद पडली. अर्ध्या तासानं सुरू झाली, पुढच्या वळणावर पुन्हा बंद. हे पुढे दर फेरीला व्हायला लागलं. गॅरेजवाले म्हणाले, “इंजिन कामाला आलंय वहिनी. बोअर करावं लागेल, पिस्टन नवे, चाळीस हजार धरून चाला.” ह्यांनी हिशेब केला आणि म्हणाले, भंगारात देऊन टाकू. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या रात्री जेवल्याही नाहीत.

मी वही काढली, ती खरं तर सासूबाईंसाठी. त्यांना नानांचं अक्षर दाखवावं म्हणून. पण एका पानावर लिहिलेलं दिसलं की इंजिन झिजलं असेल तर सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि ऑइल कमी होत जातं. आमच्या गाडीला धूर नव्हता. मग मी ऑइलची पट्टी बघायला लागले. गाडी सपाट जागी, इंजिन गार, पट्टी काढून पुसायची, परत घालून काढायची आणि खूण बघायची. भातात पाणी किती आहे ते बोट घालून बघतो, तितकंच सोपं. तीनशे किलोमीटर झाले तरी ऑइल खुणेवरून हललं नाही. मग बोअर कशासाठी?

जुन्या इंजिनाला तीनच गोष्टी लागतात, पेट्रोल, हवा आणि ठिणगी. आपल्या रॉकेलच्या स्टोव्हसारखंच. गाडी तापल्यावरच बंद पडते म्हणजे एक तर पेट्रोलची पंपातच वाफ होत असेल, नाही तर ठिणगी जात असेल. घाटात पुढच्या वेळी पेट्रोल पंपावर ओलं फडकं गुंडाळून बघितलं. वाफेचा त्रास असता तर गाडी लगेच सुरू झाली असती. झाली नाही. उरली ठिणगी. मग जन्मभर फियाट दुरुस्त केलेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेले आणि हे सगळं सांगितलं. त्यांनी डिस्ट्रिब्युटरमधला कंडेन्सर आणि पॉइंट बदलले, फिलर गेजनं फट लावून दिली. चुटकीएवढा तो कंडेन्सर, तापला की दगा देत होता. बिल साडेचारशे रुपये. घाटात गाडी पुन्हा बंद पडलेली नाही.

गॅरेजवाल्यांनी मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी पट्टीही काढून बघितली नाही आणि आम्हीही ‘का’ म्हणून विचारलं नाही. बिल देताना आपण बायका तर शेजारी नुसत्या पर्स धरून उभ्या.

तेव्हापासून दर रविवारी बॉनेट उघडते. (पदर घट्ट खोचून, इंजिन बंद करून. पंख्याच्या पट्ट्याला ओढणी आणि पदर फार प्रिय असतात!) रेडिएटरचं झाकण इंजिन गरम असताना उघडायचं नाही म्हणजे नाही. कुकरची वाफ जाऊ न देता झाकण काढाल का? त्यात विहिरीचं जड पाणीही घालू नये. बंबात साचतो तसा क्षार आत साचतो आणि मग घाटात इंजिन तापतं. ऑइल भरायच्या झाकणाखाली ताकासारखं पांढरट दिसलं तर पाणी ऑइलमध्ये शिरत असेल, लगेच मिस्त्री गाठावा. प्लग काढून बघितला तर टोक बिस्किटाच्या रंगाचं हवं. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. आणि आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्यानं खराब होतात, म्हणून मी त्या चिमटून बघते. चिरा दिसल्या की बदलायच्या. पेट्रोलची गळती म्हणजे आगीशी खेळ.

यात अवघड काय आहे? तरीही ड्रायव्हिंग क्लासमध्ये बायकांना क्लच, गिअर शिकवतात आणि बॉनेट बंदच ठेवतात. कार्ल बेंझ यांची पत्नी बर्था १८८८ साली दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता मोटारीनं शंभर किलोमीटरवरच्या माहेरी निघाली. पेट्रोलची नळी तुंबली ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ब्रेक झिजले तर वाटेत मोच्याकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास बाईनं केला आणि दुरुस्तीही तिनंच केली. मग हे ‘बायकांचं काम नाही’ कधीपासून ठरलं? (कार्बोरेटरच्या जेटमध्ये मात्र पिन घालू नका. भोक मोठं होतं. तिथं हवाच मारायची.)

नव्या गाड्यांत कॉम्प्युटर असतो, तिथं आपलं काय चालणार, असं मला आमच्या गटातली एक जण म्हणाली. ठिणगीपुरतं तिचं बरोबर आहे. पण बहुतेक पेट्रोल-डिझेल गाड्यांत ऑइलची पट्टी अजूनही असते, रेडिएटरही असतो. आणि नेमकं कधी बिघडतं, तापल्यावर की गार असताना, हे बघून ठेवायची सवय पाण्याच्या मोटरीला आणि मिक्सरलाही लागू पडते. मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीनंतर आमच्या अंगणात अकरा जणींनी पट्टी काढून बघितली. दोघींना तर स्वतःच्या गाडीचं बॉनेट कुठून उघडतं तेच माहीत नव्हतं.

आमच्या पद्मिनीच्या नोंदणीचं नूतनीकरण २०२७मध्ये आहे. तोवर सगळ्या नळ्या आणि पंख्याचा पट्टा बदलायचा आहे. वहीत आता माझं अक्षर आहे. सासूबाई म्हणतात, नानांपेक्षा गिचमिड आहे.